अति तेथे माती, आणि मातीतच उतारा
(विज्ञान पाठ : इयत्ता आठवी ते दहावीचे विद्यार्थी व पालक यांच्यासाठी)



या अंकातील विज्ञान पाठासाठी आम्ही एक असा विषय निवडला आहे, जो पाठ्यपुस्तकात दोन ओळींच्या वर सापडत नाही, परंतु आपल्या ताटातील पोळीशी त्याचा थेट संबंध आहे. विषय आहे सेलेनियम नावाचे मूलद्रव्य आणि त्याच्या विषारी संयुगांना निरुपद्रवी व उपयोगी रूप देणारे मातीतील जिवाणू. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे आम्ही ‘जीवाणु’ असे लिहीत होतो, येथे ‘जिवाणू’ लिहितो. र्‍हस्व-दीर्घ बदलले तरी जीव तोच आहे. पाठ थोडा लांब आहे. घरी मोठ्या माणसांसोबत बसून दोन बैठकीत वाचावा, ही विनंती.

१. बुलढाणा जिल्ह्यात काय घडले?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्याच्या परिसरात लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग केस हातात येणे आणि तीन-चार दिवसांत टक्कल, असा क्रम होता. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावे रोज वर्तमानपत्रांत येऊ लागली. सुमारे १८ गावांतील २७९ लोकांना हा त्रास झाल्याची नोंद झाली. त्यांत शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुली पुष्कळ होत्या. लाजेने कित्येकांनी डोके पूर्ण भादरून घेतले. मुलींचे शिक्षण अडले, ठरत आलेली लग्ने थांबली, अशाही बातम्या आल्या. पुढे काही जणांची नखेही खराब होऊन गळू लागली.

प्रथम संशय पाण्यावर गेला. त्या भागातील पाणी खारट आहे आणि काही नमुन्यांत नायट्रेटचे प्रमाण जास्त आढळले. कोणी बुरशीचा आजार म्हटले, कोणी शाम्पूला दोष दिला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथके येऊन रक्त, केस, पाणी व माती यांचे नमुने घेऊन गेली.

याच काळात रायगड जिल्ह्यातील महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर तेथे पोहोचले. विंचूदंशावरील उपचारासाठी डॉक्टरांचे नाव जगभर घेतले जाते. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी रुग्णांचे नमुने आणि रेशनच्या दुकानातून मिळालेला गहू तपासून घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष सांगितला तो असा : पंजाब-हरियाणाकडून आलेल्या या गव्हात सेलेनियमचे प्रमाण स्थानिक गव्हाच्या ६०० पट आहे, आणि रुग्णांच्या रक्तात ते ३५ पट, लघवीत ६० पट व केसांत १५० पट वाढलेले आहे. न धुतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम आणि धुतलेल्या गव्हात १३.६१ मिलिग्रॅम सेलेनियम होते, असे आकडे प्रसिद्ध झाले. हे आकडे लक्षात ठेवावेत. पुढे आपल्याला त्यांवर गणित करायचे आहे.

२. सेलेनियम म्हणजे काय?

स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८१७ साली हे मूलद्रव्य शोधले आणि ग्रीक चंद्रदेवता सेलेनी हिच्यावरून त्याला नाव दिले. त्याचा अणुक्रमांक ३४. आवर्त सारणीत ते गंधकाच्या बरोबर खाली बसते, म्हणजे गंधकाचे धाकटे भावंडच म्हणा. भावंडांचे चेहरे सारखे असतात, त्याप्रमाणे या दोघांची संयुगेही सारखी असतात. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ या सारखेपणात आहे.

सेलेनियमवर प्रकाश पडला की त्यातून वीज अधिक सहज वाहते. हा गुण १८७३ साली लक्षात आला. त्याच गुणामुळे जुन्या झेरॉक्स यंत्रांच्या फिरत्या नळकांड्यावर सेलेनियमचा थर दिलेला असे.

आपल्या शरीरालाही सेलेनियम लागते. पेशींचे नुकसान थांबवणाऱ्या काही विकरांत ते असते आणि गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या कामातही त्याची गरज आहे. चीनमध्ये केशान नावाच्या भागात सेलेनियम कमी पडल्यामुळे हृदयाचा आजार होत असे. त्याच चीनमध्ये हूबेई प्रांतातील एन्शी येथे १९६० नंतरच्या काही वर्षांत सेलेनियम जास्त झाल्यामुळे लोकांचे केस आणि नखे गळली. एकाच देशात एका ठिकाणी अभावाने आजार आणि दुसऱ्या ठिकाणी अतिरेकाने आजार! आपल्या वाडवडिलांनी म्हटलेच आहे, अति तेथे माती.

आता हिशेब करू. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांनी प्रौढ माणसासाठी दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरेसे मानले आहे आणि ४०० मायक्रोग्रॅमची वरची मर्यादा घातली आहे. (१ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम.) एखाद्याने दिवसाला ३०० ग्रॅम गव्हाच्या पोळ्या खाल्ल्या आणि गहू वर सांगितल्याप्रमाणे १४.५२ मिलिग्रॅमचा असला, तर पोटात गेले :

१४.५२ × ०.३ = ४.३५६ मिलिग्रॅम, म्हणजे ४३५६ मायक्रोग्रॅम.

वरच्या मर्यादेच्या जवळजवळ ११ पट. आणि धुऊन किती फरक पडला? १४.५२ वरून १३.६१, म्हणजे सुमारे ६ टक्के. आई कितीही चोळून गहू धुवो, सेलेनियम निघत नाही, कारण ते धान्याच्या अंगावर बसलेले नसते. झाड आपली प्रथिने बनवताना गंधकाच्या जागी चुकून सेलेनियम बसवते. ते दाण्याच्या आतच गुंफलेले असते. भावंडांतला सारखेपणा येथे झाडाला फसवतो.

३. हे गव्हात येते कोठून?

पंजाबमध्ये नवांशहर (आता शहीद भगतसिंह नगर) आणि होशियारपूर या जिल्ह्यांत काही गावांच्या जमिनीत सेलेनियम फार आहे. शिवालिक टेकड्यांवरून पावसाळी ओढ्यांबरोबर आलेला गाळ तेथे साचला आणि त्यासोबत सेलेनियमही आले. तेथील जनावरांचे खूर व केस आणि माणसांची नखे यांवर होणारे परिणाम पंजाब कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे अभ्यासले आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. पंजाबच्या शेतकऱ्याला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्याने देशाचे पोट भरले आहे. बाधित जमीन ही त्या राज्याचा लहानसा तुकडा आहे आणि तो शेतकरीही तेच धान्य खातो. परंतु धान्य आज शेकडो मैल प्रवास करते. एका जिल्ह्याची माती दुसऱ्या जिल्ह्याच्या ताटात येते. आपण सीमाभागातील माणसे नकाशावरच्या रेषांबद्दल पुष्कळ बोलतो. मातीतील द्रव्यांना त्या रेषा ठाऊक नाहीत.

४. मातीतील कारागीर

आता पाठाच्या मुख्य भागाकडे येऊ. मातीत आणि पाण्यात सेलेनियमची तीन रूपे विशेष महत्त्वाची आहेत. त्यांतील ऑक्सिजनच्या अणूंची संख्या लक्षात ठेवली की पुरे :

सेलेनेट : ऑक्सिजनचे ४ अणू. पाण्यात विरघळते, विषारी.
सेलेनाइट : ऑक्सिजनचे ३ अणू. पाण्यात विरघळते, अधिक विषारी.
मूळ सेलेनियम : ऑक्सिजन शून्य. पाण्यात विरघळत नाही, विषारीपणा पुष्कळ कमी.

चार, तीन, शून्य. मातीतील कित्येक जिवाणू ही उतरंड उतरू शकतात. बॅसिलस, स्यूडोमोनास अशा ओळखीच्या कुळांतही असे जिवाणू आहेत. ते हे काम का करतात? त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण श्वास. आपण अन्नातून इलेक्ट्रॉन काढतो आणि शेवटी ते ऑक्सिजनच्या स्वाधीन करतो. त्यातून आपल्याला ऊर्जा मिळते. पाणी साचलेल्या चिखलात ऑक्सिजन संपतो. मग काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटला इलेक्ट्रॉन देतात, काही गंधकाच्या सल्फेटला, आणि काही सेलेनेटला. म्हणजे हे जिवाणू अक्षरशः सेलेनेटवर श्वास घेतात. कॅलिफोर्नियातील थौएरा सेलेनॅटिस हा अशा जिवाणूंपैकी एक असून त्याचे नावच या कामावरून पडले आहे.

दुसरे कारण स्वसंरक्षण. सेलेनाइट जिवाणूलाही विषारी आहे. ते पेशीत शिरले की जिवाणू आपल्याजवळच्या ग्लुटाथायोनसारख्या गंधकयुक्त रेणूंच्या आणि विकरांच्या साहाय्याने त्यातील ऑक्सिजन काढून टाकतो. उरलेले सेलेनियम अणू एकत्र येऊन बारीक गोळ्या होतात. गोळ्यांच्या अंगावर जिवाणूची प्रथिने चिकटतात, त्यामुळे त्या एकमेकींना चिकटून मोठा गठ्ठा होत नाही.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसते. सेलेनाइट घातलेल्या बशीत असे जिवाणू वाढवले की पांढुरक्या ठिपक्यांचा रंग बदलत बदलत विटेसारखा लाल होतो. तो लाल रंग म्हणजे तयार झालेले सेलेनियमचे अतिसूक्ष्म कण. दुधात विरजण घातल्यावर रात्रभरात दही लागते, आपण काही करत नाही. येथेही भट्टी नाही, तीव्र आम्ल नाही. साध्या उबेत जिवाणू काम करून टाकतात.

५. अतिसूक्ष्म म्हणजे किती?

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. जिवाणूने केलेला १०० नॅनोमीटरचा कण घेतला, तर केसाच्या जाडीत असे ८०० कण ओळीने बसतील.

इतके लहान करून फायदा काय? पुन्हा गणित करू. १ सेंटीमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर. त्याच घनाचे १०० नॅनोमीटर बाजूचे घन केले तर सगळ्यांचे मिळून पृष्ठफळ ६० चौरस मीटर होते, म्हणजे आपल्या एका मोठ्या वर्गखोलीच्या जमिनीएवढे. वस्तू तेवढीच, परंतु बाहेरच्या जगाशी संबंध येणारी जागा एक लाख पट वाढली. त्यामुळे हे कण अभिक्रियेत चपळ असतात.

त्यांचे उपयोग शोधण्याचे काम जगभर चालू आहे. सेलेनाइटच्या मानाने हे कण प्राण्यांना कमी विषारी असल्याचे प्रयोगांत दिसले, म्हणून कोंबड्या व जनावरांच्या खाद्यात अत्यल्प प्रमाणात सेलेनियम पुरवण्यासाठी त्यांचा विचार होतो. काही रोगजंतूंची वाढ ते रोखतात. पाऱ्याची विषारी वाफ सेलेनियमशी संयोग पावून बांधली जाते, त्यासाठीही त्यांचे प्रयोग झाले आहेत.

६. घाटाखाली झालेले काम

असे काम फक्त परदेशातच होते असे मुलांनी समजू नये. आपल्या चोर्ला घाटाच्या खाली, गोव्यात झुआरीनगर येथे बिट्स पिलानी संस्थेचे विद्यापीठ परिसर आहे. तेथील संशोधकांनी २०१४ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी घेतलेला सूक्ष्मजीव होता हॅलोकॉकस सॅलिफोडिनी. मिठागरासारख्या अतिशय खारट जागी राहणाऱ्या गटातील हा जीव आहे. काटेकोरपणे पाहता तो जिवाणू नव्हे. जिवाणूंसारखाच एकपेशीय, परंतु आर्किया नावाच्या वेगळ्या शाखेतील आहे.

सेलेनाइट असलेल्या द्रावणात वाढवल्यावर त्याने आपल्या पेशीच्या आत सेलेनियमच्या बारीक काड्या तयार केल्या. त्यांची लांबी जाडीच्या १३ पट होती. नायट्रेटवर काम करणारे एक विकर या कामात भाग घेते, असेही संशोधकांना आढळले. म्हणजे जिवाने एका कामासाठी बाळगलेले हत्यार दुसऱ्या कामालाही येते, शेतकऱ्याच्या विळ्याप्रमाणे. हे कण प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर घातले तेव्हा त्या पेशींची वाढ मंदावली, आणि त्वचेच्या सामान्य पेशींना मात्र अपाय झाला नाही.

पालकांनी येथे सावध राहावे. बशीतील पेशींवर दिसलेला परिणाम म्हणजे औषध नव्हे. बशीपासून रुग्णाच्या खाटेपर्यंत फार लांबचा रस्ता असतो आणि बहुतेक पदार्थ वाटेतच गळतात. कोणी ‘नॅनो सेलेनियम’च्या नावाने बाटली विकायला आला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

७. मग शेतजमीन अशीच स्वच्छ करता येईल काय?

हा प्रश्न कोणीही हुशार विद्यार्थी विचारील. त्याचे उत्तर कॅलिफोर्नियातील केस्टरसन जलाशयाच्या गोष्टीत आहे. शेतीतून निचरा झालेले पाणी या जलाशयात सोडले जात होते. त्या पाण्यात जमिनीतले सेलेनियम विरघळून येत होते. १९८३ साली तेथे पाणपक्ष्यांची पिल्ले चोच, डोळे किंवा पाय यांत व्यंग घेऊन जन्मत असल्याचे आढळले. पुढे जलाशयात पाणी सोडणे बंद करावे लागले. त्यानंतर तेथील शास्त्रज्ञांनी थौएरा सेलेनॅटिससारखे जिवाणू टाक्यांत वाढवून, त्यांतून निचऱ्याचे पाणी पाठवून सेलेनियम वेगळे करण्याचे प्रयोग केले आणि ते पाण्याच्या बाबतीत यशस्वी झाले.

परंतु उघड्या शेताची गोष्ट वेगळी आहे. टाकीत तयार झालेले लाल कण गाळून बाहेर काढता येतात. शेतात ते मातीतच राहतात, आणि नांगरटीने हवा लागली की हळूहळू पुन्हा ऑक्सिजन घेऊन विरघळणाऱ्या रूपात जाऊ शकतात. चार, तीन, शून्य ही उतरंड उलटीही चढता येते. म्हणून जमिनीसाठी जिवाणूंच्या जोडीला इतर उपाय लागतात : सेलेनियम कमी शोषणारी पिके घेणे, मोहरीसारखे जास्त शोषणारे पीक लावून ते काढून नेणे, जिप्सम घालणे. जिप्सममधील सल्फेट वाढले की झाड सेलेनेटऐवजी सल्फेट उचलते. गंधकाशी असलेला जो सारखेपणा झाडाला फसवतो, तोच येथे झाडाच्या कामी येतो. आणि सर्वांत आधी हवी ती तपासणी : धान्य गोदामातून निघण्यापूर्वी त्यात काय आहे हे कोणीतरी पाहिले पाहिजे. कोणताही जिवाणू भरलेल्या पोत्यातील गहू शुद्ध करून देणार नाही.

८. शाळेत करावयाचा प्रयोग

सेलेनाइट विषारी असल्यामुळे ते शाळेत आणणे योग्य नाही, आणि आम्ही ते आणणार नाही. परंतु त्याचे मोठे भावंड गंधक घेऊन तोच धडा पाहता येतो. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी दाखवलेली ही रीत आहे.

साहित्य : पारदर्शक बाटली, तळ्याचा किंवा ओढ्याचा चिखल, वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, खडूची पूड. (फळ्यावरचे खडू बहुधा जिप्समचे असतात, म्हणजे सल्फेट घरचेच.)

कृती : चिखलात कागदाचे तुकडे आणि दोन चमचे खडूची पूड मिसळा. बाटली तीन-चतुर्थांश भरा. वर दोन बोटे पाणी राहू द्या. झाकण सैल लावून बाटली खिडकीत उजेडात, परंतु कडक उन्हाबाहेर ठेवा. दर शनिवारी चित्र काढा आणि तारीख लिहा. सहा ते आठ आठवड्यांत तळाकडे काळे पट्टे दिसू लागतील आणि वरच्या बाजूस हिरवे. काळा रंग लोह सल्फाइडचा. हवा नसलेल्या चिखलात जिवाणूंनी सल्फेटमधील ऑक्सिजन काढून घेतल्याची ती खूण आहे. बाटली हुंगू नये, शिक्षकांशिवाय उघडू नये, आणि चिखल हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

निपाणी बाजूच्या मुलांनी आपल्या काळ्या रानातील ओढ्याचा चिखल आणावा, बेळगाव-खानापूर बाजूच्या मुलांनी तांबड्या मातीतला. दोन बाटल्या शेजारी ठेवून फरक पाहू.

९. स्वाध्याय

(१) एका गव्हात किलोमागे ०.१ मिलिग्रॅम सेलेनियम आहे. रोज ३०० ग्रॅम गहू खाणाऱ्यास त्यातून किती मायक्रोग्रॅम मिळेल? ते ५५ पेक्षा कमी की जास्त?
(२) गहू धुतल्याने सेलेनियम का जात नाही, ते दोन वाक्यांत लिहा.
(३) ‘चार, तीन, शून्य’ म्हणजे काय?
(४) टाकीतील पाणी स्वच्छ होते, परंतु शेतात अडचण येते. कारण सांगा.
(५) घरातील रेशनचे धान्य कोणत्या राज्यातून आले आहे? पोत्यावरील शिक्का पाहून किंवा दुकानदारकाकांना नम्रपणे विचारून लिहा.

१०. शेवटी दोन शब्द

बुलढाण्यातील त्या मुलींचा काहीच अपराध नव्हता. त्यांनी रेशनच्या दुकानातून गहू आणला आणि पोळ्या खाल्ल्या. कारण समजेपर्यंत मात्र लोक त्यांच्याजवळ बसायला भीत होते. केस गळणे संसर्गाने पसरत नाही, हे सांगायला कोणीतरी आधी मोजावे लागले. मोजणारा माणूस येईपर्यंत भीती आणि कुजबूज यांचेच राज्य होते. आमच्या मुलांनी मोजणारे व्हावे, हीच आमची इच्छा आहे. आपल्या वर्गात एखाद्या मुलाला त्वचेचा, केसांचा असा काही त्रास झाला, तर त्याच्या शेजारचे बाक रिकामे दिसता कामा नये. पालकांनीही घरातील दोन-तीन जणांचे केस वा नखे एकदम गळू लागली तर तेल आणि शाम्पू बदलत न बसता आरोग्य केंद्रात जावे आणि सोबत घरातले धान्य मूठभर न्यावे.

विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती आहे, की यंदाच्या खर्चात आठवी ते दहावीसाठी दोन चांगले सूक्ष्मदर्शक धरावेत आणि शाळेच्या आवारातील व मुलांच्या शेतांतील मातीचे नमुने कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत पाठवण्यास परवानगी द्यावी. मुले नमुने गोळा करतील, नोंदी ठेवतील आणि आलेला अहवाल पुढील अंकात आम्ही छापू.

बाटल्या येत्या शनिवारपर्यंत प्रयोगशाळेत जमा कराव्यात. बाटलीवर नाव, इयत्ता आणि चिखल कोठला हे लिहिण्यास विसरू नये.

— मुख्याध्यापक